वीव्हर्समधली ऑक्सली

कीथ हेलिवेलने वीव्हर्स बंद पाडला, असं आमच्या हॉल्डरक्लफमध्ये कुणी उघड म्हणत नाही. तसं म्हणायचं तर निम्म्या गावाला त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं लागेल, आणि यॉर्कशरची माणसं अशा ठिकाणी पुढे व्हायला फारशी उत्सुक नसतात.

कीथ माझा शेजारी. मी गावातलं औषधांचं दुकान चालवायचो, तो अख्ख्या खोऱ्यातले बॉयलर दुरुस्त करायचा. पाटणकर हे आडनाव त्याला पहिल्याच दिवशी जड गेलं, म्हणून त्याने ते छाटून 'पॅट' केलं आणि मग सगळ्या गावाने तेच उचललं. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. बोलायचा तेव्हा समोरच्याचं नेमकं काय चुकलं तेवढंच सांगायचा. बॉयलरच्या बाबतीत हा गुण उपयोगी पडतो. माणसांच्या बाबतीत त्याची बायको ब्रेंडा मागून जाऊन सारवासारव करायची. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे किरकिर तिला नवीन नव्हती.

कीथचं दुसरं घर म्हणजे वीव्हर्स. पुलाजवळचा दगडी पब, पूर्वी गिरण्या होत्या तेव्हा विणकर तिथे बसायचे म्हणून हे नाव. काम आटोपलं की कीथ तिथे जायचा, शेकोटीजवळच्या खिडकीत बसायचा, ऑक्सली बिटरचे दोन पाइंट प्यायचा आणि जेवायला घरी यायचा. ऑक्सली म्हणजे आमच्याकडची तांबूस, कडवट बिअर. डोंगरापलीकडच्या कारखान्यात व्हायची आणि या दोन-तीन खोऱ्यांच्या बाहेर तिला कुणी विचारत नसे. बाहेर विचारत नाहीत हाच तिचा मोठेपणा, असं इथले लोक मानायचे.

पब चालवायचे स्टॅन आणि ग्लेनिस पिकल्स. स्टॅन गोल, हसरा, सगळ्यांचा लाडका. गिऱ्हाइकाबरोबर गप्पा मारायला तो काउंटरच्या बाहेर येऊन बसायचा आणि बसला की उठायचा नाही. ग्लेनिस बुटकी, तुरतुरीत आणि जिभेने धारदार. पिंपं आली की ती उतरवून घ्यायची, ग्लास धुवायची, सँडविच करायची, भांडणं सोडवायची. लोक म्हणायचे, वीव्हर्स म्हणजे स्टॅन. ग्लेनिसला तसं ऐकायची सवय झाली होती.

एका हिवाळ्यात स्टॅन हृदयविकाराने गेला. त्याच हिवाळ्यात ऑक्सलीचा कारखाना एका मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि घेताक्षणी बंद केला. चिमणी तेवढी ठेवली आणि खाली फ्लॅट बांधले. वीव्हर्सची इमारत तिसऱ्याच एका कंपनीची होती. कंपनी सांगेल ती बिअर, कंपनी सांगेल त्या भावाने घ्यायची, असा ग्लेनिसचा करार. कंपनीने ऑक्सलीच्या जागी दुसरी एक बिटर पाठवली. तिच्या पाटीवर डोंगराचं चित्र होतं, पण ती कुठल्याही डोंगरापासून पुष्कळ लांब तयार होत असावी.

कीथने पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि भरल्या पबमध्ये म्हणाला, "हे असलं पाणी स्टॅनने कुत्र्यालासुद्धा पाजलं नसतं."

स्टॅनला जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. ग्लेनिसने हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"मग घरी जा आणि तुझी तू बनव," ती म्हणाली. "इथे खिडकी अडवून बसायचं काही कारण नाही."

कीथ घरी आला आणि त्याने खरंच तसं केलं. बायकोच्या सांगण्याने त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं, ग्लेनिसच्या सांगण्याने मात्र लगेच कामाला लागला.

पहिल्यांदा त्याने बाजारातला तयार डबा आणला. डब्यातला काकवीसारखा चिकट रस बादलीत ओतायचा, पाणी आणि यीस्ट घालायचं, झाकायचं आणि वाट बघायची. कीथने ती वाट बघण्याची पायरी जरा आखूड केली. बाटल्या भरून त्याने त्या ब्रेंडाच्या चादरींच्या उबदार कपाटात ठेवल्या, आणि एका रविवारी आम्ही चहा पीत असताना भिंतीपलीकडून एकेक बाटली फुटल्याचे आवाज यायला लागले. ब्रेंडाने धुऊन-इस्त्री करून ठेवलेल्या चादरी, नातीचं बाप्तिस्म्याचं झबलं, सगळ्याला बिअरचा वास. त्या दिवसापासून हा उद्योग गॅरेजमध्ये गेला आणि गाडी रस्त्यावर उभी राहू लागली.

गॅरेजमध्ये गेल्यावर मात्र कीथमधला बॉयलरवाला जागा झाला. जुन्या तांब्याच्या टाक्या कापून त्याने मोठी पातेली केली, नळ्या जोडल्या, तापमापक बसवले. आता डबा नाही. मोड आणून वाळवलेला सातू पोत्याने यायला लागला, कडवटपणासाठी हॉप्सची वाळकी फुलं पिशवीने. शनिवारी सकाळी सातू शिजायला लागला की वास आमच्या स्वयंपाकघरात यायचा. माझी बायको म्हणायची, कुणीतरी नाचणीची आंबील चुलीवर विसरलंय.

त्याला बिअर नको होती, ऑक्सली हवी होती. त्यासाठी त्याने ऑक्सलीचा माणूसच शोधून काढला. विल्फ ओल्ड्रॉइड नावाचा म्हातारा, कारखान्यात आयुष्यभर बिअर गाळणारा मुख्य कारागीर, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहत होता. कीथ दर मंगळवारी थर्मासमध्ये नमुना घेऊन त्याच्याकडे जायला लागला. विल्फच्या गोळ्यांबरोबर बिअर चालेल का, हे विचारायला आश्रमाची नर्स माझ्याकडे आली होती. मी सांगितलं, अर्धा पेला चालेल. पेल्याचा आकार किती, ते मी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

विल्फ पेला उजेडात धरायचा, हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि मान हलवायचा. हॉप्स जरा उशिरा टाक. पाण्याला धार कमी आहे. सातू थोडा जास्त भाजलेला घे. जवळ आलाय, पण नाही. कीथ परत यायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मांडायचा. असं दीड वर्ष चाललं. इतक्या धीराने त्याने आपल्या मुलींचा अभ्यासही घेतला नव्हता, असं ब्रेंडा म्हणायची.

आता एवढी बिअर एकटा माणूस पिणार कशी? फसलेली ऑक्सलीसुद्धा पिण्याजोगी असायची. आधी चवीला म्हणून खाटीक आला, मग पोस्टमन, मग दोन मेंढपाळ. मीही भिंतीपलीकडेच असल्यामुळे मला तर कोटही घालावा लागत नसे. कीथ पैसे घेत नसे. घेतले तर ती विक्री होते, आणि विक्री म्हटली की सरकार येतं. बिनपैशाची बिअर आहे म्हटल्यावर यॉर्कशरचा माणूस कसा वागतो हे मी सांगायला नको. चर्चमधून काढून टाकलेला एक बाक आला. कुणी डार्ट्सचे बाण फेकायची तबकडी आणली, कुणी लाकडं जाळायची शेगडी. कुणाच्या तरी बायकोने पडदे शिवले. वर्षभरात कीथचं गॅरेज वीव्हर्ससारखं दिसायला लागलं, आणि वीव्हर्स गॅरेजसारखा.

ग्लेनिसने काय नाही केलं. बुधवारी प्रश्नमंजूषा ठेवली. शनिवारी गाणारा आणला, तो लीड्सहून यायचा आणि चार माणसांसमोर डोळे मिटून गायचा, बहुधा ती चार दिसू नयेत म्हणून. गुरुवारी करी ठेवली. त्या करीविषयी तिने माझं मत विचारलं होतं आणि मी रंग छान आहे असं सांगितलं होतं. तरण्या पोरांना घरी बसून सुपरमार्केटची डबाबंद बिअर प्यायची सवय झाली होती, कारण ती पबच्या निम्म्या भावात मिळायची. विजेचं बिल वाढलं, कंपनीने भाडं वाढवलं. दोनपैकी एकच शेकोटी पेटायला लागली. संध्याकाळी पुलावरून जाताना आत ग्लेनिस एकटी काउंटर पुसताना दिसायची. तो काउंटर इतका स्वच्छ त्याच्या जन्मात कधी झाला नसेल.

माझ्या दुकानात ती गुडघ्याचं मलम न्यायला यायची. एकदा पिशवीत नळी टाकता टाकता तिने विचारलं, "कीथकडे रोज जमतात म्हणे? किती असतात?"

मी म्हटलं, असतात सात-आठ.

"बरं चाललंय म्हणायचं," ती म्हणाली आणि गेली. पुढे दर आठवड्याला तिचा हाच प्रश्न असायचा. मला तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता हे कळायला मला बराच वेळ लागला.

मग एका मंगळवारी विल्फने पेला अर्धा रिकामा केला, खिडकीबाहेर बघितलं आणि सांगून टाकलं, की ही ऑक्सली आहे. अगदी तीच. खरं म्हणजे तीन-चार महिन्यांपूर्वीच ती जमली होती.

कीथने विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तू आला असतास का?" विल्फ म्हणाला. "इथे मंगळवारी दुसरं काही नसतं रे बाळा. बुधवारी पाय तपासणारी बाई येते, तेवढंच."

कीथ मंगळवारी जायचा तसाच जात राहिला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण त्या दिवशी तो पेला पुन्हा पुन्हा हुंगत होता आणि त्याची खात्री पटत नव्हती. वीव्हर्समधल्या ऑक्सलीत घोटाच्या शेवटी, जिभेच्या पार मागे, एक आंबटसर झटका असायचा, तळघरात ठेवलेल्या सफरचंदासारखा. तो हिच्यात नव्हता. त्याने विल्फला तसं सांगितलं. विल्फ म्हणाला, कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडायची ती बिअर ही. फाटकाबाहेर लोकांनी तिचं काय केलं, ते मला ठाऊक नाही.

म्हणजे ते जगात एकाच माणसाला ठाऊक असणार होतं, आणि त्या माणसाशी कीथ दोन वर्षं बोलला नव्हता.

तो ग्लेनिसकडे गेला, दुपारी, रिकाम्या वेळी. तसा तेव्हा वीव्हर्सला सगळाच वेळ रिकामा होता. पुढे जे झालं ते मला आधी त्याने सांगितलं आणि नंतर ग्लेनिसने, आणि दोघांचं सांगणं जुळलं, ही गोष्ट आमच्या गावात विरळ. कीथ टोपी काढून काउंटरशी उभा राहिला. ग्लेनिसने काय घेणार विचारलं. त्याने लिंबू सरबत मागितलं, कारण ती बिटर तोंडात घेणं अजूनही त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग त्याने थेट त्या आंबटसर झटक्याबद्दल विचारलं. स्टॅन त्यात काही घालायचा का? पिंप वेगळं ठेवायचा का?

ग्लेनिस त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. स्टॅन गेल्यापासून तिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसत ती म्हणाली, "अरे खुळ्या, त्या नळ्या होत्या."

काउंटरवरचा पंप ओढला की तळघरातल्या पिंपातून बिअर ज्या नळ्यांतून वर येते, त्या दर आठवड्याला धुवायच्या असतात. स्टॅन नाताळला धुवायचा आणि जमलं तर ईस्टरला. मधल्या काळात नळीत जे काही साचायचं, त्याची ती चव.

"मी बोलून बोलून दमले," ग्लेनिस म्हणाली. "तो म्हणायचा, गिऱ्हाइकांना आवडतंय ना, मग कशाला? तो गेला आणि पहिल्याच सोमवारी मी नळ्या धुतल्या. तुला वाटलं, कारखाना बंद पडला म्हणून चव गेली. तुझी चव मी धुतली, कीथ. सोडा घालून."

दीड वर्षं, एवढा सातू, एवढे मंगळवार. कीथने सरबत संपवलं. तो उठला तेव्हा ग्लेनिसने सहज सांगावं तसं सांगितलं, की कंपनीला तिने कळवून टाकलंय. उन्हाळा संपला की वीव्हर्स बंद. कंपनीचा विचार आहे, त्याची दोन घरं करायची.

नळ्यांचं कीथने निमूट गिळलं होतं. हे मात्र त्याला लागलं. तो घरी आला तो पांढराफटक. ब्रेंडाला वाटलं, विल्फ गेला. रात्रभर त्याने काय विचार केला कोण जाणे, सकाळी माझ्या दारात उभा राहून तो म्हणाला, "पॅट, पब वाचवायचाय. संध्याकाळी सगळ्यांना बोलावलंय."

मी विचारलं, कुठे?

त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. कुठे म्हणजे? गॅरेजमध्ये.

'वीव्हर्स वाचवा' समितीच्या पहिल्या सहा बैठका कीथच्या गॅरेजमध्ये झाल्या. गावाचा पब गावाचा प्राण आहे, तिथेच लोक एकमेकांना भेटतात, तो गेला तर आपण कुठे जाणार, अशी भाषणं हातात कीथच्या बिअरचा पेला धरून झाली. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ब्रेंडा एकदा बिस्किटांची बशी घेऊन आली आणि म्हणाली, "ही सभा आज तिकडेच का नाही भरवत? चार पैसे तरी मिळतील बिचारीला." सगळ्यांनी हो हो म्हटलं. पण शेगडी नुकतीच पेटली होती.

सातवी सभा चर्चच्या हॉलमध्ये झाली आणि तिला सारं गाव लोटलं. वीव्हर्समध्ये कधी पाऊल न टाकलेल्या बायका रडल्या. लंडनहून येऊन राहिलेल्या एका जोडप्याने पबचं ऐतिहासिक महत्त्व सांगितलं. गावकऱ्यांनी पैसे घालून भाग घ्यायचे, सहकारी सोसायटी काढायची आणि इमारत विकत घ्यायची, असं ठरलं. मी मूळचा सांगलीचा. सहकारी सोसायटीत काय काय होऊ शकतं याची मला थोडी कल्पना होती. ती मी मांडायला उठलोही, पण टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. ग्लेनिस सगळ्यात मागच्या खुर्चीत कोट अंगावर तसाच ठेवून बसली होती. तिचा सत्कार करायला तिला पुढे बोलावलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅरेजवर आली. आयुष्यात पहिल्यांदा. मी पातेलं उचलायला कीथला हात देत होतो, त्यामुळे हे मी कानांनी ऐकलं. तिने पडदे बघितले, बाक बघितला, शेगडी बघितली. मग बाकावर बसली.

"हे थांबव," ती म्हणाली.

कीथला वाटलं, ती गॅरेजबद्दल बोलतेय. तो लगेच म्हणाला, थांबवतो. उद्यापासून कुणालाही पेला देणार नाही. माझीच चूक झाली, ग्लेनिस, मी तुझी गिऱ्हाइकं—

"गॅरेज नव्हे रे. ती समिती. तो पब वाचवण्याचा तमाशा थांबव." तिने गुडघा चोळला. "एकतीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. मला बिअर आवडत नाही. पहिल्यापासून आवडत नाही, वासानेच डोकं चढतं. पब स्टॅनला हवा होता. तो गेला तेव्हाच मी सोडणार होते. पण रोज संध्याकाळी तुम्ही येऊन बसायचात तोंडं पाडून, स्टॅनच्या आठवणी काढत. तुम्हाला बाहेर कसं काढायचं? मग तू गेलास. तुझ्यामागे खाटीक गेला. एकेक जण आपण होऊन गेला. कुणाला दुखवायला लागलं नाही, कुणाला सांगायला लागलं नाही. मी दर आठवड्याला पॅटला विचारायचे, किती जमतात म्हणून."

मी पातेल्याकडे बघत राहिलो.

"स्कारबरोला बहिणीशेजारी दोन खोल्या बघून ठेवल्यात," ती म्हणाली. "समुद्र दिसतो. आणि आता अख्खं गाव मिळून मला वाचवायला निघालंय. त्यांना सांग कीथ, माझं पब चालवणं आता वाचवू नका. तू मला सोडवलंयस, आता तूच पुन्हा अडकवू नकोस."

कीथ म्हणाला, की तिला अडकवणार नाही, शब्द देतो. पण समिती आता त्याच्या हातात राहिलेली नाही.

हे खरंच होतं. दोन वर्षं ग्लेनिसचा जीव खाल्ला म्हणून हा माणूस कित्येक रात्री झोपला नव्हता, आणि तिचा जीव खाल्ला गेलाच नव्हता हे कळल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्याने मला नंतर सांगितलं, की त्याला थोडा अपमानच वाटला. आपण एवढं वाईट केलं आणि त्याची कुणाला झळही बसली नाही, उलट एक काम सोपं झालं, हे पचवणं त्याला अवघड जात होतं.

ग्लेनिस ठरल्या दिवशी गेली. निरोपाला सगळे आले, वीव्हर्स तुडुंब भरला, लोक दारात आणि पुलावर उभे होते. अशी गर्दी एकतीस वर्षांत दर आठवड्याला झाली असती तर पब वाचवावाच लागला नसता. तिने सगळ्यांशी हात मिळवले. कुणाशीही फार वेळ बोलली नाही.

इमारत गावाने घेतली. भाग विकले गेले, कंपनीने भाव बराच ताणून शेवटी सोडली. आता प्रश्न उरला, चालवणार कोण. दोन जाहिराती दिल्या. एक जोडपं येऊन वरची खोली बघून गेलं आणि परतलं नाही. मग सोसायटीची सभा झाली. त्या दिवशी कीथ दाढ काढायला हॅलिफॅक्सला गेला होता. सहकारात गैरहजर माणूस नेहमी बिनविरोध निवडून येतो. सुजलेला गाल घेऊन तो परत आला तेव्हा तो वीव्हर्सचा चालक झाला होता. गाल सुजलेला असल्यामुळे त्याला नीट विरोधही करता आला नाही.

ब्रेंडा म्हणाली, स्वयंपाकघर मी बघते, पण करी होणार नाही.

आता कीथ काउंटरच्या मागे असतो. खिडकीतल्या त्याच्या जागेवर लंडनचं जोडपं बसतं. त्याची स्वतःची बिअर तो तिथे विकू शकत नाही. त्यासाठी परवाने लागतात, तपासण्या लागतात, वेगळी जागा लागते. शेवटी त्याने विल्फची सगळी रीत शेजारच्या गावातल्या एका छोट्या गाळणाऱ्याला दिली आणि तो आता वीव्हर्ससाठी ऑक्सली गाळतो. दुसरं नाव देऊन, कारण ऑक्सली हे नाव त्या मोठ्या कंपनीच्या कपाटात कुलूपबंद आहे. पहिलं पिंप आलं तेव्हा कीथने पहिला पेला थर्मासमधून टेकडीवर नेला. विल्फ प्यायला आणि म्हणाला, अजून थोडी कसर आहे, पुढच्या मंगळवारी पुन्हा आण.

सोमवारी पब बंद असतो. कीथ नळ्या धुतो. त्याच्या हातून बॉयलर कधी मळका राहिला नाही, नळी कशी राहील? बिअर काचेसारखी येते. जुने लोक घोट घेतात, ओठ पुसतात आणि म्हणतात, चांगली आहे, पण स्टॅनच्या वेळची ती नव्हे. स्टॅनच्या हाताला काहीतरी होतं.

हे मी इतक्यांदा ऐकलं, की एकदा न राहवून कीथला म्हटलं, सांगून टाक ना खरं काय ते.

तो ग्लास पुसत होता. "स्टॅन गेलाय," तो म्हणाला. "त्याला आता आळशी कशाला ठरवायचं? मला शिव्या देतायत तेवढं बरं आहे. देणारे येतात तरी."

धंदा बेताचाच आहे. शनिवार-रविवार डोंगर चढायला येणारे लोक बसतात म्हणून भागतं. बुधवारी कधी कधी कीथ आणि मी दोघंच असतो, आणि ब्रेंडा आत रेडिओ ऐकत बटाटे सोलते. त्याचे गुडघे धरायला लागलेत. मलमाची नळी तो आता पुरवून पुरवून वापरत नाही, दोन-दोन नेतो.

गेल्या मे महिन्यात स्कारबरोहून म्हाताऱ्यांची सहलीची बस डोंगर बघायला आली आणि जेवायला वीव्हर्सच्या दारात थांबली. तिच्यातून ग्लेनिस उतरली. उन्हाने रापली होती, केस आखूड कापले होते. आत येऊन ती काउंटरच्या पुढच्या बाजूला उंच स्टुलावर बसली आणि तिने शेरीचा छोटा पेला मागितला. इकडून पब कसा दिसतो ते तिने मान फिरवून सावकाश बघितलं. छत काळवंडलंय, म्हणाली, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

कीथने तिला खूप काही विचारलं. पिंप संपत आलं की आवाजावरून कसं ओळखायचं, न उठणाऱ्या माणसाला उठवायचं कसं, दोन कुत्रे भांडायला लागले तर आधी कुठला धरायचा. ती सगळ्याची उत्तरं देत होती, कंटाळल्यासारखी, पण एकही उत्तर तिने अर्धवट दिलं नाही. समुद्र कसा आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, समुद्र समुद्रासारखा आहे, बहीण फार बोलते.

तेवढ्यात मागच्या अंगणात पिंपांची गाडी आली आणि कीथ तळघराचं झाकण उचलून खाली उतरला. ब्रेंडाचे हात पिठात होते. दारातून एक तरुण जोडपं आलं, चिखलाचे बूट, बरोबर ओला कुत्रा. काउंटरमागे कुणी नाही बघून दोघं घुटमळली. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी ग्लेनिसकडे बघितलं. ती शेरीकडे बघत होती. क्षणभर बघत राहिली, मग स्टुलावरून उतरली, काउंटरची फळी उचलून आत गेली आणि तिने विचारलं, "काय देऊ गं पोरी?"

कीथ धापा टाकत वर आला तेव्हा ती हात पुसत होती.

"दोन पाइंट तिकडे दिलेत," ती म्हणाली. "कुत्र्याला पाणी ठेवलंय. आणि त्या मधल्या पंपाचा दांडा ढिला झालाय, बघ." मग कोट चढवून ती बसकडे गेली, कारण ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.